कोरा चेंडू, मुरलेला चेंडू

कोऱ्या चेंडूवरचं मेण एकदा निघालं की परत चढत नाही. माझ्या कामातली ही एकच गोष्ट अशी आहे की जिची मला अजून धास्ती वाटते. बाकी सगळं उसवता येतं आणि परत शिवता येतं.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा, असं संपादक वहिनींनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. साधा अर्ज लिहिला तरी कुणाकडून तरी तपासून घेतो. पण वहिनी म्हणाल्या, "परब, गणपतीत आरती झाल्यावर तुम्ही जे सांगत बसता ना, तेच लिहा. बोलता तसं." म्हणून लिहायला बसलोय. ज्यांची नावं येणार आहेत त्यांना आधी विचारलं आहे. तरीही अंक हातात येईपर्यंत माझं जेवण नीट जाणार नाही, हे माझ्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

मंडळात माझ्या कामाविषयी दोन समजुती आहेत. एक म्हणजे मी फुटबॉल शिवतो. दुसरी म्हणजे मी कुठल्या तरी क्लबात शिपाई आहे. दोन्ही खरं नाही, पण अगदी खोटंही नाही. इथे कुवेतमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळणारे काही हौशी संघ आहेत. अमेरिकेत शिकून आलेले कुवेती, इथल्या शाळांतले अमेरिकन मास्तर, थोडे लेबनीज, थोडे मिस्री म्हणजे इजिप्तचे. थंडी पडली की खेळतात, उन्हाळ्यात दुखणी काढतात. त्यातल्या एका संघाचं सामान मी सांभाळतो. हेल्मेटं, खांद्यावरची चिलखतं, कपडे, आणि मुख्य म्हणजे चेंडू.

नाव फुटबॉल असलं तरी सगळा कारभार हाताचा. चेंडू गोल नाही. असोला नारळ असतो ना, सोलायच्या आधीचा, तसा. दोन्हीकडे निमुळता, चामड्याचा, वर बारीक रवाळ दाणे, आणि एका अंगाला जाड दोरीची शिवण. या खेळात सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे क्वार्टरबॅक. प्रत्येक डावाला चेंडू आधी त्याच्या हातात येतो. समोरून कपाटासारखी माणसं त्याला आडवं करायला धावत सुटतात, आणि ती अंगावर पडायच्या आत यानं ठरवायचं, चेंडू कुणाला फेकायचा. संघात असे दोघं असले तरी मैदानात एका वेळी एकच. दुसरा बाहेर टोपी घालून उभा. एवढं समजलं की पुढचं सगळं समजेल.

मी मूळचा सीटकव्हरवाला. कणकवलीला हायवेवर एका दुकानात गाड्यांच्या सीटा शिवायला शिकलो आणि तीच कला घेऊन इथे अर्दियाच्या कारखान्यांच्या भागात आलो. एके दिवशी एक उंच, रुंद खांद्यांचा कुवेती माणूस गाडीतून उतरला आणि माझ्या टेबलावर एक चेंडू ठेवला. शिवण सैल झाली होती. मला हिंदीत म्हणाला, ठीक कर दो. मी तो चेंडू पाहिला आणि मला त्या शिवणाऱ्याची कीव आली. शिवण उघडी. दोरी अशी वर आलेली, बोटाला लागणारी. आमच्या धंद्यात शिवण दिसली तर मालक सीट परत पाठवतो. मी जीव ओतून काम केलं. ती दोरी काढून टाकली, आतून बारीक टाके घातले, वरून चामडं असं बेमालूम जुळवलं की बोट फिरवलं तरी कळू नये.

तो माणूस चेंडू घ्यायला आला. हातात घेऊन फिरवला, परत फिरवला, शिवण शोधली. मग दुकानाच्या पायरीवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. ती दोरी मुद्दाम वर असते, तिच्यातच बोटं अडकवून चेंडू फेकतात, हे मला तेव्हा कळलं. मी एक चांगला चेंडू कायमचा निकामी केला होता. पण त्यानं चेंडू काखेत मारला आणि माझं नाव विचारलं. परब म्हटलं, तर अरबांच्या तोंडी प येत नाही, म्हणून मी बारब झालो तो आजतागायत.

तेच बू नासेर, म्हणजे नासेरचे बाबा. इथे मोठ्या माणसाला थोरल्या मुलाच्या नावानंच हाक मारतात. अमेरिकेत शिकताना ते हा खेळ शिकले आणि परत आल्यावर त्यांनीच मित्र जमवून हा संघ उभा केला. पहिल्या दिवसापासून क्वार्टरबॅक तेच.

पुढे अर्दियातलं माझं दुकान बंद पडलं. इकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना, संपत आला होता, मालक फोन उचलत नव्हता, आणि गावी धाकटीच्या बारावीची परीक्षा तोंडावर. बू नासेरनी एका सकाळी मला गाडीत घातलं, दोन कचेऱ्या फिरवल्या, आणि त्यांच्या भावाच्या गाद्या-तक्क्यांच्या दुकानात माझा इकामा लावून दिला. संध्याकाळी संघाचं काम. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, चेंडूला हात लावायच्या आधी मला विचारत जा. बस. त्या एका सकाळीवर माझं घर उभं आहे, हे मी कुणापासून लपवत नाही.

कामातल्या गमती सांगायच्या तर खूप आहेत. घामेजलेल्या हेल्मेटांना असा वास यायचा की डब्याचं झाकण उघडवत नसे. साबण झाला, औषधं झाली. शेवटी मी कुवेती घरांत जाळतात ते बखूर आणलं, मातीच्या धुपाटण्यात निखारे घातले आणि एकेक हेल्मेट वर पालथं धरलं. घरी आई तिन्हीसांजेला धूप फिरवायची तसं. आता समोरच्या संघाची माणसं आमच्या खेळाडूंना विचारतात, तुम्ही खेळायला आलात की लग्नाला. एका मास्तरांना मात्र तो वास चालत नाही. त्यांचं हेल्मेट वेगळं ठेवावं लागतं, देवळातल्या सोवळ्यासारखं.

पण खरी कारागिरी चेंडूची. प्रत्येक संघ आपल्या पाळीला आपलेच चेंडू वापरतो, आणि कोरा चेंडू कुणालाच चालत नाही. कारखान्यातून येतो तेव्हा त्याच्यावर मेणाचा पातळ थर असतो, ओल्या साबणासारखा निसटतो. तो थर काढून चेंडू क्वार्टरबॅकच्या हाताजोगा करायचा, हे माझं काम. रीत हाताप्रमाणे बदलते. बू नासेरना मुरलेला चेंडू लागतो. ओल्या फडक्यानं पुसायचा, ब्रश मारायचा, चामड्याचं तेल चोळायचं, सावलीत ठेवायचा, हातानं मळायचा, परत पहिल्यापासून. चार-पाच दिवस जातात. मग तो कणकेसारखा बोटांखाली दबतो. दर मंगळवारी ते सामानाच्या खोलीत यायचे, उलट्या क्रेटवर बसायचे, चेंडू दाबून बघायचे आणि म्हणायचे, "थोडा और, बारब." मी अजून थोडा मऊ करायचो.

दर वर्षी ते "थोडा और" वाढत गेलं, हे माझ्या हातांना कळत होतं. मला वाटायचं, माणसाची आवड आहे. मग एकदा त्यांना पाण्याच्या बाटलीचं झाकण दातांनी उघडताना बघितलं, आणि उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट पुरतं मिटत नाही हे लक्षात आलं. त्यानंतर मी ब्रश मारताना जास्त वेळ घेऊ लागलो.

आता दुसरा हात. मंगाफला राहणारे साठे तुम्हाला माहीत आहेत, शुऐबाच्या प्लांटमध्ये इंजिनियर आहेत. पुण्याचे. त्यांचा रोहन इथल्याच अमेरिकन शाळेत शिकला, मग अमेरिकेत कॉलेज करून परत आला. शाळेत असताना त्याला चेंडू धरायला शिकवलं ते बू नासेरनीच. हा मुलगा मराठी समजतो, उत्तर इंग्रजीत देतो, मला मात्र काका म्हणतो आणि माझ्यासाठी मराठीची खटपट करतो. त्याचे हात लहान आहेत. त्याला मऊ चेंडू चालत नाही, हातातून फुगा सुटावा तसा तरंगतो म्हणतो. त्याला दाणे टोचायला हवेत. त्याचा चेंडू करायला तेल नाही, पाणी नाही, नुसता कोरडा ब्रश जोरात मारून मेण उडवायचं. एका संध्याकाळचं काम. पण एकदा तेल लावलेला चेंडू रोहनचा होत नाही, कधीच नाही.

मागच्या मोसमात आम्ही अंतिम सामन्याला पोचलो. त्याच्या आधीच्या सामन्यात बू नासेरनी फेकलेले दोन चेंडू सरळ समोरच्यांच्या हातात गेले. कोचनी मध्यंतरानंतर रोहनला आत घातलं आणि त्यानं सामना जिंकून दिला. झालं. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, शुक्रवारी कोण. जुने खेळाडू म्हणत, ज्यानं संघ उभा केला त्याला बाहेर बसवणार का. नवे काही म्हणत नसत, नुसते रोहनकडे बघत.

माझा प्रश्न वेगळा होता. आमचे मोसमातले चेंडू झिजून गुळगुळीत झाले होते, नवी पेटी जुमरूकमध्ये म्हणजे कस्टममध्ये अडकली होती, आणि माझ्याकडे चारच कोरे उरले होते. धुळीत, घामात चार चेंडू आलटून पालटून पुसत वापरावे लागतात. दोन ह्याचे दोन त्याचे, असं करून भागत नाही.

रविवारी सरावानंतर मी कोचना गाठलं. हे अमेरिकन, शाळेत इतिहास शिकवतात, मनानं चांगले, पण कुणाला दुखवायची वेळ आली की चष्मा पुसायला लागतात. मी विचारलं, शुक्रवारी कोण खेळणार, मला आज सांगाल का. ते हसले, म्हणाले, परब, तूसुद्धा. मी सांगितलं, तसं नाही, मऊ चेंडू हवे असतील तर मला आत्ता तेल लावायला हवं. मी थांबलो तर ते आपोआप रोहनचेच चेंडू होतात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाले की ते गुरुवारी सांगतील, तोवर चेंडूंना जे हवंय असं मला वाटतं ते मी करावं.

हे वाक्य घेऊन मी खोलीवर आलो. गुरुवारी सांगणार म्हणजे काही न सांगता रोहन म्हणणार. आणि मी रात्रीच तेलाची बाटली उघडली तर बू नासेर. ज्या प्रश्नाला कोच घाबरत होते तो त्यांनी माझ्या हातात ठेवला होता, आणि माझे हात तर आयुष्यभर दुसऱ्यानं सांगितलेल्या मापानं चालले आहेत. चारही चेंडू पिशवीत होते. मी पिशवी पलंगाखाली सारली, परत बाहेर काढली. घरी फोन केला. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तेंचो खेळ तेंका. तुमी कित्याक जीव जाळतात? जेवलात काय?" मी जेवलो नव्हतो.

सोमवारी साठे वहिनींचा फोन. परब भाऊ, संध्याकाळी जेवायला या. मंगाफला गेलो. त्यांच्या दिवाणखान्यातला सोफा मीच मढवलेला आहे, तरी मी त्याच्या कडेवरच बसलो. वहिनींनी माझ्यासाठी मुद्दाम सोलकढी केली होती. जेवण होईपर्यंत विषय काढला नाही. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमचं तिथे ऐकतात म्हणे. आपला मुलगा आहे. नुसता एक शब्द टाका कोचकडे." मी म्हटलं, वहिनी, माझं तिथे ऐकत कुणी नाही, मी हेल्मेटांना धूप घालतो. साठे साहेब पेपरमागून म्हणाले, त्याला अडचणीत घालू नकोस. रोहन ताटावरून उठला.

तोच मला गाडीनं अर्दियाला सोडायला आला. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "काका, आय वॉन्ट टू प्ले. खोटं नाही बोलणार. पण ते बाहेर उभे आणि मी आत, असं डोळ्यांसमोर आलं की माझा हात टाइट होतो." मी विचारलं, त्यांच्या चेंडूनं खेळशील का, म्हणजे ते खेळले काय किंवा तू, चेंडू तेच. त्यानं मान हलवली. "ट्राय केलंय. नाही जमत." मला ते ऐकून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. निदान कुणीतरी मला सरळ उत्तर दिलं होतं.

मंगळवारी बू नासेर सामानाच्या खोलीत आले नाहीत. क्रेट रिकामाच. मी चेंडू तेल न लावता, न पुसता तसेच ठेवले होते, आणि एव्हाना चार चेंडू मुरवायची वेळ निघून गेली होती. म्हणजे मी काही न करता अर्धंअधिक ठरवून टाकलं होतं. ज्या माणसामुळे मी या देशात आहे त्याला न विचारता. मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताची, बांग झाल्यावर एक चेंडू पिशवीत घातला आणि बस पकडून बनेद अल-गारला त्यांच्या दिवाणियात गेलो. दिवाणिया म्हणजे घराला लागून असलेली पुरुषांच्या बैठकीची खोली. संध्याकाळी मित्र, नातेवाईक येतात, कॉफी चालते, गप्पा चालतात. तिथले तक्केसुद्धा माझ्या हातचे. मी दारातच उभा राहणार होतो, पण त्यांनी हातानं खुणावून शेजारी बसवलं. समोरच्या फळीवर माझा तो शिवण लपवलेला चेंडू अजून होता. ते तो पाहुण्यांना दाखवतात.

मी कॉफी घेतली. मग दर आठवड्याला विचारतो तेच विचारलं, कारण दुसरं काही विचारायची माझी हिंमत नव्हती. म्हटलं, "बू नासेर, या वेळी किती मऊ करू?"

त्यांनी पिशवीतून चेंडू काढला. कोरा, चकचकीत. दोरीत बोटं अडकवली, दिशदाशाची, म्हणजे त्या लांब झग्याची, बाही सरकवली, खांद्याच्या मागे हात नेला. आणि चेंडू निसटला. गालिच्यावर पडला आणि हा चेंडू जसा जातो तसा, निघाला एकीकडे आणि गेला भलतीकडे, थेट कॉफीच्या दल्ल्याला, म्हणजे किटलीला, जाऊन लागला. एक म्हातारा मित्र अरबीत काहीतरी बोलला आणि सगळे हसले. मला एवढंच कळलं की वयावर होतं. बू नासेरही हसले. मी उठायला लागलो तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, स्वतः उठले, वाकले, चेंडू उचलून आणला आणि मांडीवर घेऊन बसले.

मग हळू आवाजात विचारू लागले. मुलाचा चेंडू कसा करतोस. मी सांगितलं, कोरडा ब्रश, तेल नाही. किती वेळ. एक संध्याकाळ. आणि माझा. चार-पाच दिवस. त्यांनी बोटांवर वार मोजले, मंगळ, बुध, गुरू. ते न मिटणारं बोट मधेच अडलं. म्हणाले, "मतलब टाइम खलास."

मी म्हटलं, चारही चेंडूंना वेळ नाही पुरणार. एकाला पुरेल. दिवसरात्र हातात ठेवला तर एक होईल.

ते बराच वेळ चेंडूचे दाणे अंगठ्यानं चाचपत राहिले. खोलीत कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. मग त्यांनी चेंडू माझ्या पिशवीत घातला. "तीन बॉल लडके का बनाओ," ते म्हणाले. "एक मेरा. फैसल को किक के लिए नरम ही लगता है. और पकड़ने वाला तो कोई चाहिए ना."

हे समजायला एक गोष्ट सांगायला हवी. या खेळात कधी कधी चेंडू लाथेनं खांबांमधून मारायचा असतो. तेव्हा एक माणूस गुडघा टेकून बसतो, मागे आलेला चेंडू झेलतो आणि जमिनीवर उभा धरतो, एक बोट वरच्या टोकावर ठेवून. दुसरा धावत येऊन मारतो. आमच्याकडे मारायला फैसल, आणि गुडघा टेकून धरायला नेहमी रोहन असायचा. ते राखीव माणसाचं काम. बू नासेरनी माझ्यासमोर ते मागून घेतलं. कोचना त्यांनीच फोन केला, मी अजून पुरे म्हणून कॉफीचा पेला हलवून परत देत होतो तेवढ्यात. कोचनी पलीकडे चष्मा पुसला असेल.

बुधवार, गुरुवार तो एक चेंडू माझ्या मांडीवर होता. दुकानात तक्के भरताना शेजारी, जेवताना शेजारी. खोलीतले लोक तेलाच्या वासानं वैतागले. राजापूरचा गुरव म्हणाला, परब, पाळण्यात घालून झोका दे आता. मला हसू येत नव्हतं. घाईनं मुरवलेलं चामडं वरून मऊ लागतं आणि आतून ताठ राहतं, आणि मला सारखं वाटत होतं की या एका चेंडूत काही कमी राहिलं तर त्या माणसाला मी काय दिलं.

शुक्रवारी वारा उठला. हवेत धूळ, मैदानाचे दिवे पिवळट. मी कडेला फडकी घेऊन उभा. बू नासेर पूर्ण कपड्यांत, हेल्मेट काखेत, आणि दुसऱ्या हातात तो मऊ चेंडू. सगळा वेळ तो दाबत होते. रोहन चांगला खेळला. खरंच चांगला. साठे वहिनी उभ्या राहून ओरडत होत्या. मध्यंतराच्या आधी किकची वेळ आली आणि बू नासेर मैदानात गेले. मी किककडे बघितलंच नाही, मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. ते एका गुडघ्यावर बसले. चेंडू आला, झेलला, दोरी पुढच्या बाजूला फिरवली आणि टोकावर बोट ठेवलं. तेच बोट, न मिटणारं. या कामाला मिटावं लागत नाही. फैसलनं मारला. आरडाओरडा झाला म्हणून कळलं की खांबांमधून गेला.

पण सामना आम्ही हरलो. शेवटच्या डावात रोहनच्या हातातून चेंडू सुटला. धूळ आणि घाम मिळून दाण्यांत चिखल बसला होता, मी दोनदा पुसला तरी. चेंडू थोडा आधी सुटला, समोरच्याच्या छातीवर गेला, आणि संपलं. माझ्यामागे उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, म्हाताऱ्याला खेळवायला हवं होतं. ते मला उद्देशून नव्हतं. तरी मी त्यांना अजून मनातल्या मनात उत्तर देत असतो. रविवारी तेल लावलं असतं तर? मऊ चेंडूत धूळ कमी बसते, हे खरं आहे. पण त्या बोटानं तो चेंडू तिथपर्यंत पोचला असता का, हे कुणाला माहीत. कोच पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

रोहन सामानाच्या खोलीत येऊन क्रेटवर बसला, हेल्मेट न काढता. बू नासेर आत आले. आपल्या हातातला मऊ चेंडू त्याच्या मांडीवर ठेवला आणि माझ्याकडून धुपाटणं मागून घेतलं. त्या दिवशी हेल्मेटांना बखूर त्यांनी धरलं. मी फक्त एकेक पुढे करत होतो.

या मोसमात नवी पेटी आली आहे. चेंडू भरपूर आहेत, तरी माझी धाकधूक गेलेली नाही. रोहन आता पहिला क्वार्टरबॅक. मोसम सुरू व्हायच्या आधी तो माझ्याकडे आला, कोरा चेंडू हातात फिरवत राहिला आणि म्हणाला, "काका, या वर्षी जरा सॉफ्ट करायचे का? थोडेच." मी विचारलं, बोटाला काही झालं का. नाही म्हणाला. मग किती मऊ, असं विचारलं तर त्याला सांगता येईना. म्हणाला, "बू नासेरना विचारा. त्यांना कळेल."

तेव्हापासून बू नासेर परत मंगळवारी येतात. गुडघा आता त्रास देतो, म्हणून क्रेटवर मी एक उशी शिवून ठेवली आहे, शिवण आतून. ते बसतात, रोहनला बोलावतात, त्याचा तळवा आपल्या हातात घेऊन बघतात, मग चेंडू बघतात. परवा मी तेलाचा पहिला हात मारलेला चेंडू त्यांच्यापुढे धरला. इथून मागे फिरता येत नाही. त्यांनी चेंडू दाबला, रोहनकडे दिला, रोहननं दाबला आणि परत त्यांच्याकडे बघितलं.

"थोडा और, बारब," ते म्हणाले.

मी फडकं ओलं केलं.